देवगिरी चढा, पण दमाने

दिवाळी आटोपली, कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात आली, की आमच्या बिडकीन भागात सहलींचा हंगाम सुरू होतो. शाळांच्या एस.टी. गाड्या प्रासंगिक करारावर निघतात. भजनी मंडळे, महिला बचत गट, नव्या सोयऱ्यांना घेऊन निघालेली कुटुंबे, सगळ्यांनाच कुठेतरी जाऊन यायचे असते. आपण तर या बाबतीत भाग्यवानच म्हणायचे. एका हाताला पैठण, दुसऱ्या हाताला देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, शहरात बीबी का मकबरा आणि पाणचक्की. अजिंठाही पहाटे निघाले तर एका दिवसात पाहून होतो. वेरूळ आणि अजिंठा १९८३ सालीच जागतिक वारसा यादीत गेले. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, प्रतापगड यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतील जिंजी या यादीत आले. तेव्हापासून दवाखान्यात एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे, "डॉक्टरसाहेब, औंदा रायगड करावा म्हणतो. जमंल ना?"

विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. ही फार चांगली गोष्ट झाली. ज्या आजीबाईने आयुष्यात पैठणच्या पुढे पाऊल टाकले नव्हते, ती आता वेरूळ पाहून येते. मात्र तिकिटाचा प्रश्न सुटला तरी गुडघ्याचा, छातीचा आणि साखरेचा प्रश्न जागच्या जागी राहतो. आज त्याविषयीच बोलायचे आहे. देवगिरी आपल्याला सर्वांत जवळची, म्हणून तिलाच समोर ठेवू. तिच्याबद्दल जे सांगेन ते बहुतेक गडांना लागू आहे.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. किल्ला म्हणजे बाग नव्हे, देऊळही नव्हे. वर येणाऱ्या माणसाला त्रास व्हावा याच हेतूने तो बांधलेला असतो. बाराव्या शतकात यादव राजा भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली. पुढे वेगवेगळ्या राजवटींनी तिला तट, बुरूज, खंदक यांची जोड दिली. डोंगराच्या कडा चहूबाजूंनी तासून भिंतीसारख्या उभ्या केल्या आहेत. खंदक ओलांडायला अरुंद वाट, पुढे कातळात कोरलेली काळोखी 'अंधारी', आणि त्यानंतर पायऱ्याच पायऱ्या. एकही पायरी दुसरीच्या मापाची नाही. शत्रू वर पोचलाच तर धापा टाकीत, ठेचकाळत, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पोचावा, ही त्यामागची योजना. कित्येक शतकांनंतरही ती योजना आमच्या पेशंटांवर बिनचूक काम करते!

पायथ्यापासून माथा सुमारे २०० मीटर, म्हणजे साडेसहाशे फुटांच्या आसपास आहे. साठ मजल्यांची इमारत लिफ्ट नसताना जिन्याने चढावी तसे हे काम आहे. आपल्याकडे दुमजली घराचा जिना चढायचीसुद्धा पुष्कळांना सवय नाही. शेतातला माणूस दिवसभर चालतो खरा, पण सपाट रानात. चालताना शरीराचे वजन पुढे न्यायचे असते, चढताना तेच वजन प्रत्येक पावलाला वर उचलायचे असते. सत्तर किलोचा गडी म्हणजे जवळजवळ दीड गोणी सिमेंट झाले. सपाटीवरच्या चालीपेक्षा दुपटी-तिपटीने प्राणवायू लागतो आणि तो पुरवायला हृदयाला तेवढेच जोराने धावावे लागते.

अनेकांचा समज असतो की गडावर हवा विरळ असते, म्हणून धाप लागते. हे खरे नाही. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटर उंचीच्या पुढे सुरू होतो. आपला साल्हेर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर आहे. रायगड तर ८२० मीटरच. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथली गोष्ट निराळी. सह्याद्रीच्या गडावर किंवा देवगिरीवर दम लागला तर दोष हवेला देऊ नये. एक तर सवय नाही, किंवा वेग जास्त आहे, किंवा हृदय, फुप्फुस, रक्त यांपैकी कुठेतरी काही कमी आहे. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे तिसरे कारण फार वेळा रक्तच असते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ किंवा नऊ निघते. अशी बाई पन्नास पायऱ्यांत खाली बसते आणि बाकीचे म्हणतात, "हिला सवयच नाही."

मग जमेल की नाही हे ठरवायचे कसे? घरच्या घरी करण्यासारखी सोपी परीक्षा आहे. जेवणानंतर दोन-तीन तासांनी नेहमीच्या चालीने दोन किलोमीटर चालून पाहा. दुसऱ्या दिवशी एखाद्या इमारतीचे दोन मजले न थांबता चढा. छातीत दाबल्यासारखे झाले नाही, बोलता येईनासा दम लागला नाही, चक्कर आली नाही, तर सावकाश चढायला हरकत नसावी. यांपैकी काहीही झाले तर गडाचा बेत लांबवून आधी डॉक्टरांकडे जा. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका आला आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांचा रक्तदाब गोळ्या घेऊनही वरच राहतो, त्यांनी परीक्षेच्या भानगडीत न पडता सरळ तपासून घ्यावे. सहलीला महिना-सव्वा महिना अवकाश असेल तर रोज अर्धा तास चालणे सुरू करा. सोबत खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे करा. मांडीचे स्नायू तयार होतात. गुडघ्याला बाजारातल्या पट्ट्यापेक्षा या स्नायूंचा आधार मोठा असतो.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चढताना दम लागतो, पण गुडघे बिघडतात ते उतरताना. वर जायला निघालेला प्रत्येक जण वरची काळजी करतो, उतरण्याची कोणी करीत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला वजनाच्या तिपटीहून जास्त भार गुडघ्यावर येतो आणि थकलेली मांडी तो झेलू शकत नाही. पाय लटपटतात, घोटा मुरगळतो, माणूस पडतो. काठी घ्या, त्यात कमीपणा कसला? एक गुडघा दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा. घाईने उड्या मारीत उतरणाऱ्या नातवाबरोबर स्पर्धा लावू नये. ज्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत त्यांना मी स्पष्ट सांगतो, निम्मी देवगिरी पायथ्याशीच आहे. चांद मिनार, भारतमातेचे मंदिर, प्रचंड हत्ती हौद हे सारे अंधारीत न शिरता पाहता येते. थोडे पुढे गेले की मेंढा तोफ, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा तानाशाह याला औरंगजेबाने जिथे कैदेत ठेवले तो चिनी महाल लागतो. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. सिंहगडावर, पन्हाळ्यावर गाडी वर जाते. अजिंठ्याला डोली मिळते.

आता एक हकिगत. नाव-गाव सांगत नाही. छप्पन्न वर्षांचे शेतकरी, मधुमेह आठ वर्षांपासून, बिडीचे व्यसन. नव्या जावयाला घेऊन सगळे देवगिरीला गेले. खंदकाच्या जरा पुढे त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध, जड-जड वाटू लागले. जानेवारीतल्या थंडीत कपाळावर घाम आला. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले सकाळचे भजे बाधले. खाली उतरून सोडा पाजला. थोडे बरे वाटले, आणि पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून मामा पुन्हा चढायला लागले. वर उलटी झाली. दोघांनी धरून उतरवले. तरीही गाडी आधी वेरूळला गेली, कारण ठरले होते! संध्याकाळी सातला ते माझ्याकडे आले तेव्हा ई.सी.जी. पाहताच काय झाले ते कळले. औषध देऊन १०८ ने 'घाटी'त पाठवले. जीव वाचला. पण सात-आठ तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो मेला. आज हा माणूस बांधावर चढला तरी दम लागून बसतो. वखर-पाळी सगळी मुलाकडे गेली आणि मुलाचे शिक्षण सुटले.

हृदयविकाराचे दुखणे नेहमी सिनेमातल्यासारखे छातीच्या डाव्या बाजूला कळ येऊन होत नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, गळ्याशी आवळल्यासारखे, जबड्यात, दोन्ही दंडांत किंवा पाठीत दुखणे, पोटात जळजळ, अशा अनेक रूपांत ते येते. मधुमेह्याला तर कधीकधी काहीच दुखत नाही. नुसता घाम, नुसती धाप, नुसती मळमळ. चढताना सुरू होणारे आणि थांबले की कमी होणारे कोणतेही दुखणे हृदयाचे समजावे. अशा वेळी माणसाला आहे तिथेच बसवावे, पुढे एक पायरीही नेऊ नये. चालवत खालीही आणू नये, उचलून आणावे. १०८ ला फोन लावावा. अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाणे उपयोगी पडते, पण जठरव्रण, रक्तस्राव किंवा त्या औषधाची वावडी असलेल्याला ती चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. ज्यांना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट दिलेली आहे त्यांनी ती घरच्या कपाटात न ठेवता खिशात ठेवावी आणि घेताना बसूनच घ्यावी. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जेवढे काम करते तेवढे नंतर करीत नाही.

मधुमेह्यांचा उलटा प्रकारही होतो. आपल्याकडे घृष्णेश्वराचे दर्शन घेतल्याशिवाय खायचे नाही, अशी पुष्कळांची श्रद्धा असते. श्रद्धेला माझी ना नाही. पण सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतलेले असते, पोटात काही नसते, दर्शनाची रांग दोन तासांची आणि त्यावर चढणे-चालणे. साखर झपाट्याने उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो. दारू प्यायला की काय, असे लोकांना वाटते. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी आणि मग पोळी-भाकरी खाऊ घालावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. खिशात साखरेची पुडी ठेवलेला मधुमेही पाहिला की लोक हसतात. हसू द्या. उतरल्यावर पायथ्याशी टोपल्यांत सीताफळे, पेरू मांडलेले असतात. पेरू एखादा खाल्ला तर चालेल, सीताफळाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. देवगिरीवर चढून फार तर दीडशे-एक उष्मांक खर्च होतात, म्हणजे जेमतेम एक भाकरी. तेव्हा "एवढा गड चढलो" म्हणून पाच वडे खाण्याचा परवाना मिळत नाही!

खाण्यावरून आठवले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा कोठारात धान्य म्हणून भरलेली पोती मिठाची निघाली, अशी कथा सांगितली जाते. खरेखोटे इतिहासकार जाणोत. रक्तदाबाच्या रोग्याची सहल मात्र मला नेहमी या कथेची आठवण करून देते. दिवसभर फरसाण, वेफर, लोणचे, म्हणजे मीठ भरपूर आणि अन्न नाही. घरून धपाटे, दशम्या, थोडे दही घेऊन निघावे. चव आणि पोट दोन्ही सांभाळले जातात.

मार्चनंतर जाणाऱ्यांनी उन्हाचा विचार केलाच पाहिजे. काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो आणि सूर्य गेला तरी तासन्‌तास उष्णता सोडत राहतो. सकाळी उघडण्याच्या वेळेला पायथ्याशी असावे आणि दहा-साडेदहाच्या आत खाली यावे. भोवळ, डोकेदुखी, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. माणूस बडबडू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात. मग दवाखान्याच्या वाटेला लागण्याआधी आणि वाटेतही अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत राहावे. नुसते पाणी पिण्यापेक्षा जलसंजीवनी चांगली. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लघवी जास्त होण्याची गोळी रक्तदाबासाठी चालू असलेल्यांनी त्या दिवशी काय करायचे हे डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये.

तापलेल्या फरशीचा एक बळी मी वरचेवर पाहतो, मधुमेह्याचा तळपाय. देवळात, दर्ग्यात, मकबऱ्यात चप्पल बाहेर काढावी लागते. चैत्रात हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला तर हजारो लोक अनवाणी चालत जातात. ज्याच्या पायाची संवेदना मधुमेहाने गेलेली आहे त्याला चटका कळतच नाही. घरी आल्यावर पायमोजा काढताना कातडी निघून येते, आणि एका दुपारच्या दर्शनापायी बोट कापण्याची पाळी येते. जाड सुती मोजे घालून आत जायला कोणी मनाई करीत नाही. घरी आल्यावर तळपाय डोळ्यांनी पाहावेत, दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा सुनेला पाहायला सांगावे.

अंधारीबद्दल दोन शब्द. लखलखीत उन्हातून काळोखात शिरल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि वय झालेल्या, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना आणखी जास्त. आपण तर आत शिरताक्षणी चालू लागतो. तोंडाशी दोन मिनिटे थांबा, बॅटरी लावा, एका हाताने भिंत किंवा माणूस धरा. आत वटवाघळांचा उग्र वास असतो. दम्याच्या रोग्याने नाकाला रुमाल बांधावा आणि आपला पंप वरच्या खिशात ठेवावा. ज्यांना बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी आग्रहाला बळी पडू नये.

मधमाश्यांचे भय मात्र सगळ्यांनाच सारखे. गडांच्या कड्यांना आणि लेण्यांच्या कपाऱ्यांना आग्या मोहोळे असतात. त्या आपणहून क्वचितच येतात, आपलाच कोणीतरी दगड मारतो, बिडी ओढतो किंवा शेकोटी पेटवतो. माश्या उठल्या तर हात झटकू नका, ओरडू नका, डोके-तोंड उपरण्याने किंवा पदराने झाकून दूर निघून जा. काटा अंगात राहिला तर नखाने, चाकूच्या पाठीने, कशानेही पण ताबडतोब काढा, जितका वेळ राहील तितके विष आत जाते. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर तो विषाचा नव्हे तर वावडीचा जीवघेणा प्रकार असतो. त्याला अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय आणि तो मिनिटांत व्हावा लागतो. चुना, तंबाखू लावीत बसू नये.

गडावरच्या टाक्यांतले पाणी थंडगार आणि नितळ दिसते. ते पिऊ नये. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि गरोदर स्त्रीला 'ई' प्रकारची कावीळ झाली तर दोन जीव धोक्यात येतात. उकळलेले पाणी घरून न्यावे, माणशी निदान दोन लिटर. बायका मात्र पाणी मुद्दाम पीत नाहीत, कारण उघड आहे. बहुतेक गडांवर वर गेल्यावर स्त्रियांना जायला जागाच नसते. सहा-सहा तास कोरडे राहून त्या परत येतात आणि चौथ्या दिवशी लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात बसतात. जिथे हजारो माणसे तिकीट काढून येतात तिथे ही सोय असू नये याचा मला राग येतो. तोवर पायथ्याशी सोय असेल तिथे जाऊन यावे आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे.

शाळेच्या सहलीबरोबर जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. निघण्यापूर्वी दमा, फीट, हृदयाचा जन्मजात दोष किंवा एखाद्या औषधाची वावडी असलेल्या मुलांची यादी पालकांकडून लिहून घ्या. मुलींसाठी पाकिटे सोबत ठेवा, म्हणजे त्यांना मागायला लाज वाटत नाही. आणि किल्ला पाहून झाल्यावर समुद्र, धरण किंवा तलावाकडे गाडी वळवू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून अधिक मुले-मुली बुडाली. नाथसागराचे पाणीही वरून शांतच दिसते.

अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही लक्षात ठेवा. बंद दरवाजा पाहून मग चिडून भर दुपारी देवगिरी चढणारी मंडळी मी पाहिली आहेत.

घरी परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या दुखतात. जिना उतरणे नको होते. हे स्नायूंचे साधे दुखणे, गरम पाण्याचा शेक आणि हलके चालणे याने चार-पाच दिवसांत जाते. त्यासाठी वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नयेत, विशेषतः मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी. पण दुखणे एकाच पोटरीत असेल, ती सुजून गरम लागत असेल, किंवा लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर मात्र शेक घेत न बसता त्याच दिवशी दाखवायला यावे.